साखरेचा माग – भाग ५ : प्यायलेली साखर

वाशीच्या एपीएमसीत साखर मिळते ती मसाला मार्केटात. एका गाळ्यात हळद-मिरची, शेजारी बदाम-मनुका आणि पलीकडे साखरेची पन्नास किलोंची पोती. इथे नुसतं ‘साखर’ म्हणून भागत नाही. एस-३० की एम-३०, ते सांगावं लागतं. एस म्हणजे बारीक दाणा, एम म्हणजे मध्यम, आणि ३० हा रंगाचा दर्जा. कोणत्या महिन्यात कुठल्या कारखान्याने किती साखर विकायची, तो कोटा केंद्र सरकार ठरवून देतं. उन्हाळा तोंडावर आला की मालाला उठाव येतो, हे बाजारातल्या हमालालाही ठाऊक असतं. आता वैशाखात घरोघरी काही जास्तीचा शिरा होत नाही. हा उठाव असतो शीतपेयं आणि आइस्क्रीमवाल्यांचा.

मागच्या भागात आपण स्वयंपाकघरातल्या डब्याचा हिशेब केला. तो करताना एक गोष्ट राहिली होती. साखरेच्या व्यापारात ढोबळमानाने असं धरतात, की देशात खपणाऱ्या साखरेपैकी साठ-पासष्ट टक्के माल मोठे खरेदीदार उचलतात : मिठाईवाले, बिस्किटं, चॉकलेटं, शीतपेयं. शीतपेयवाल्यांना तर आपल्या डब्यातली साखर चालतही नाही. त्यांना गंधकाचा अंश नसलेली, शुद्ध केलेली साखर लागते आणि ती ते बहुधा थेट कारखान्यांकडून घेतात. म्हणजे आपल्या पोटात जाणाऱ्या साखरेचा मोठा वाटा ना वाशीच्या गाळ्यावर दिसतो, ना घरच्या डब्यात. ‘आमच्याकडे महिन्याला दोनच किलो लागते हो’ असं सांगणारी गृहिणी खरंच बोलत असते. पण उरलेली साखर घरातली माणसं बाहेर, घोटाघोटाने पिऊन आलेली असतात.

आणि पिण्यातच खरी गोम आहे.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात डीमेग्लियो आणि मॅटस या दोघांनी एक छोटा प्रयोग केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. माणसं फक्त पंधरा. त्यांना चार आठवडे रोज ४५० कॅलरींच्या जेलीच्या गोळ्या खायला दिल्या आणि दुसऱ्या चार आठवड्यांत तेवढ्याच कॅलरींचा सोडा प्यायला दिला. गोळ्या खाल्ल्या, तेव्हा माणसं नकळत जेवणात हात आखडता घेत होती आणि दिवसाचा हिशेब जवळपास जुळत होता. सोडा प्यायले तेव्हा मात्र जेवण तसंच राहिलं, सोड्याच्या कॅलरी वर चढल्या आणि वजन वाढलं. साखर तीच, कॅलरीही तेवढ्याच. चावून खाल्लेल्या साखरेची पोटाने दखल घेतली, प्यायलेली बेदखल गेली. पंधरा माणसांवरून जग ठरत नाही, हे खरं. पण त्यानंतरच्या मोठ्या अभ्यासांचा कलही याच बाजूचा आहे.

हे सांगायचं कारण, साखरेबद्दल सध्या फार टोकाचं बोललं जातं. मोबाइलवर दर तिसरा माणूस तिला ‘पांढरं विष’ म्हणतो. मला ते पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेसाठी न्यूझीलंडच्या संशोधकांनी उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले, त्याचा अहवाल २०१३ सालचा. साखर काढून तेवढ्याच कॅलरींचे दुसरे पिष्टमय पदार्थ दिले, तर वजनात फरक पडला नाही. ज्यांना मनाला येईल तेवढं खायची मोकळीक होती, त्यांनी साखर कमी केली तेव्हा वजन सरासरी पाऊण किलोच्या आसपास उतरलं आणि वाढवली तेव्हा जवळपास तेवढंच चढलं. म्हणजे साखरेत चेटूक नाही. ती वरकड कॅलरी आणते, आणि पेयातून आली की फारच गुपचूप आणते.

किती आणते ते पाहू. एक ग्रॅम साखर म्हणजे चार कॅलरी. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत मशीनचा चहा असतो. त्याच्या प्रीमिक्समध्ये बहुधा साखर आधीच मिसळलेली असते, ‘कमी घाल’ म्हणायची सोयच नाही. टपरीवरच्या कटिंगमध्येही दीड-दोन चमचे सहज जातात. दिवसाला चार कटिंग झाले, की पंचवीस-तीस ग्रॅम झालेच, म्हणजे शंभराहून जास्त कॅलरी. पूर्वीच्या हिशेबाने रोजच्या जादा १०० कॅलरी म्हणजे वर्षाला पाच किलो, दहा वर्षांत पन्नास! असं होत नाही, कारण शरीर जड झालं की त्याचा रोजचा खर्चही वाढतो. केव्हिन हॉल या संशोधकाने २०११ मध्ये मांडलेल्या गणिताप्रमाणे रोजच्या १०० जादा कॅलरींनी वजन साधारण साडेचार किलोंनी वाढून थांबतं. त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात आणि बाकीचं बहुतेक तीन वर्षांत. नोकरीला लागल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत ‘खात तर काहीच नाही, तरी पँट होत नाही’ असं म्हणणारी पोरं आठवा.

आपल्या बाबतीत काट्यावरचा आकडाही पुरेसा बोलत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोड-फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजन बेताचं आणि पोट मात्र पुढे, ही आपली ठेवण. म्हणून भारतीय पुरुषांनी कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांनी ८० च्या आत ठेवावा असं सांगतात. त्यात साखरेचा निम्मा भाग असतो फ्रुक्टोज. त्याची विल्हेवाट मुख्यतः यकृतात लागते आणि जास्तीचं झालं, की यकृत त्याची चरबी करून ठेवतं. पाम बीच रोडवर सकाळी भराभर चालून परतताना उसाचा रस पिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. पाव लिटर रसात साखर तीस ग्रॅमच्या खाली क्वचितच असते. रस ताजा, डोळ्यांदेखत काढलेला, सगळं कबूल. पण जागतिक आरोग्य संघटनेने साखरेला जी मर्यादा घातली आहे, तिच्यात रसातली आणि मधातली साखरही मोजली जाते. गुळाच्या चहाची दुकानं सध्या जोरात आहेत. चव छानच, मात्र कॅलरींच्या खात्यात गूळ आणि साखर सख्खी भावंडं आहेत.

आता हातात एक कोलाची बाटली घ्या आणि मागचा बारीक अक्षरांतला तक्ता वाचा. बहुतेक कोलांत १०० मिलिलिटरमागे दहा-अकरा ग्रॅम साखर असते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत सव्वीस-सत्तावीस. शेजारी दिवसाच्या प्रमाणाची टक्केवारी असते, ती साधारण ५३ दिसेल. वाटतं, चला, अजून निम्मी मुभा शिल्लक आहे. पण लेबलच्या नियमात ही टक्केवारी दिवसाला ५० ग्रॅम धरून काढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली, ती हीच. त्याच वेळी तिने असंही सुचवलं, की पाच टक्क्यांच्या आत राहिलात तर आणखी बरं. तो आकडा होतो २५ ग्रॅम. त्या मापाने एकाच बाटलीत दिवस संपला, आणि सकाळचा चहा अजून धरलेलाच नाही.

मुलांचं गणित याहून बिकट आहे. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. कोणत्या खाण्यापिण्यात किती साखर, हे मुलांना भिंतीवर दिसावं म्हणून. त्या परिपत्रकात म्हटलं होतं, की चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या कॅलरींत साखरेचा वाटा १३ टक्के आणि अकरा ते अठरा वयात १५ टक्के आहे. हवा तो पाच टक्के. नवी मुंबईत सीबीएसईच्या शाळा भरपूर, महापालिकेच्याही आहेत. फलक वर्गाबाहेर लागेलही, पण शाळा सुटल्यावर फाटकासमोरच्या दुकानातला फ्रिज कोण वाचणार?

सरकारी कर त्या फ्रिजकडे कसा पाहतो, तेही बघण्यासारखं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. बुडबुडेवाल्या पेयांवर ४० टक्के. आधीचा २८ टक्के कर आणि १२ टक्के उपकर मिळून एकूण भार तेवढाच होता. साखर अजिबात नसलेल्या कोलालाही हेच ४० टक्के. त्याच फ्रिजमधल्या बिनबुडबुड्यांच्या आंब्याच्या गोड पेयाला मात्र १२ वरून ५ टक्के. साखरेचं प्रमाण पाहून कर लावायची पद्धत ब्रिटनने २०१८ पासून चालवली आहे, आणि तिथल्या कंपन्यांनी कर चुकवायला पेयांतली साखरच कमी केली. आपल्याकडे आंब्याचं चित्र छापलं, की साखर माफ.

बिस्किटं आणि चॉकलेटंही त्याच दिवशी १८ वरून ५ टक्क्यांवर आली. त्यांचा समाचार पुढच्या आठवड्यात.