सिस्टरच्या हातातला मोबाईल

“पेशंट कण्हायलंय अन् सिस्टर मोबाईल बघायल्यात.” मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यांत मी सिस्टर म्हणून नोकरी केली, आता निवृत्त होऊन कळमनुरीत राहते. ही तक्रार मी वॉर्डात ऐकली, एसटीत ऐकली, बाजारात मेथीची जुडी निवडतानाही ऐकली. ती नेहमीच खोटी असते असं मी म्हणणार नाही. सलाईनची बाटली संपत आलेली असताना रील बघत बसलेली मुलगी मी पाहिली आहे आणि तिला तिथल्या तिथे झापलंही आहे. पण तक्रार करणाऱ्याला एक विचारावंसं वाटतं: त्या मोबाईलमध्ये सिस्टर काय करत होती, ते बघितलंत का?

मोबाईल आमच्या हाती दोन वाटांनी आला. एक वाट घरची. लेकराची शाळा, सासूबाईंचं बीपी, “निघालीस का?” म्हणून नवऱ्याचा फोन. दुसरी वाट कामाची, आणि गेल्या काही वर्षांत तीच जास्त वाहती झाली. 16 जानेवारी 2021 ला कोविडचं लसीकरण सुरू झालं तेव्हा टोचण्याइतकंच कोविनवर नोंदवणंही महत्त्वाचं होतं. आता बाळांच्या लसींसाठी यू-विन आहे, क्षयरुग्णांसाठी निक्षय आहे, तज्ज्ञाचा सल्ला घ्यायला ई-संजीवनी आहे, आभा कार्डाचा 14 आकडी नंबर आहे. ड्युटीचा तक्ता व्हॉट्सॲपवर येतो आणि “पाचपर्यंत रिपोर्ट टाका” हा निरोपही तिथेच येतो. मोबाईल तिचा, रिचार्ज तिचा, काम दवाखान्याचं. आडवळणाच्या उपकेंद्रातली एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका, रेंज मिळाली की दिवसभराच्या नोंदी एका बैठकीत भरते. बाहेरून बघणाऱ्याला ती मोबाईलला चिकटलेली दिसते.

हे दुखणं आमच्यापुरतं नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी ताईंनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. हँडसेट सारखे अडकत, दुरुस्तीचा खर्च ताईंच्या माथी येई, आणि पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. त्यांच्याकडे परत करायला निदान सरकारी मोबाईल तरी होता. मी पाहिलेल्या वॉर्डांत सिस्टरकडे तोही नव्हता.

त्याच वर्षी 23 जुलैला सामान्य प्रशासन विभागाने सरकारी कार्यालयांसाठी मोबाईलचे नियम काढले. शक्यतो लँडलाइन वापरा, हळू आणि सौजन्याने बोला, खासगी फोन बाहेर जाऊन घ्या, वरिष्ठांचे आणि लोकप्रतिनिधींचे फोन मात्र लगेच उचला. टेबलखुर्चीच्या कचेरीला हे जमून जाईल. अख्खा वॉर्ड एकटीवर असताना सिस्टरने बाहेर जायचं कुठे? आणि साहेबांचा फोन लगेच उचलायचा, तर मोबाईल लॉकरमध्ये ठेवायचा कसा?

एवढं सांगूनही, काही ठिकाणी मोबाईल नकोच. तिथे मी माझ्या पोरींचीही बाजू घेत नाही.

पहिली जागा औषधाची ट्रॉली. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या दोन रुग्णालयांत 98 परिचारिका औषधं कशी देतात ते जवळ उभं राहून टिपलं गेलं, आणि 2010 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्याहून जास्त वेळा औषध देताना मध्येच व्यत्यय येत होता, आणि दर व्यत्ययामागे चुका सुमारे 12 टक्क्यांनी वाढत होत्या. हे व्यत्यय सगळ्या तऱ्हांचे होते, फक्त फोनचे नव्हेत. आपल्याकडेही नातेवाईक, डॉक्टर, वॉर्डातल्या मावशी सगळेच मध्ये बोलतात. त्यांची तोंडं बंद करता येत नाहीत. फोन मात्र बटण दाबून बंद करता येतो. झटके आलेल्या बाळंतिणीसाठी मॅग्नेशियम सल्फेट भरताना मात्रा चुकून जास्त गेली तर तिचा श्वास थांबू शकतो. त्या वेळी घरी भाजी कोणती करायची हा प्रश्न थांबू शकतो. इंग्लंडमधल्या काही रुग्णालयांत औषधं वाटणारी परिचारिका “मध्ये बोलू नका” असं लिहिलेला एप्रन घालते. आपण ट्रॉलीवर पाटी लावली तरी पुरे.

दुसरी गोष्ट हातांची. पेशंटला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर हात स्वच्छ करा, हे जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते बेसिनवर लावलेले असतात. आम्ही हात धुतो, आणि मग धुतलेल्या हाताने मोबाईल उचलतो. तो टॉयलेटच्या खिडकीत, ड्रेसिंगच्या टेबलावर, उशीखाली, सगळीकडे फिरून आलेला असतो. परिचारिका-डॉक्टरांच्या मोबाईलवर जखमा चिघळवणारे स्टॅफिलोकोकससारखे जंतू सापडल्याचं अनेक देशांतल्या तपासण्यांत दिसलं आहे. उपाय साधा आहे: 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने मोबाईल पुसायचा, ड्युटीवर येताना आणि घरी जाताना. आणि ऑपरेशन थिएटरात, लेबर रूममध्ये तो खिशातून बाहेरच काढायचा नाही.

तिसरी गोष्ट फोटोंची, आणि इथे प्रश्न खरा अवघड आहे. आमच्या तालुक्यातून माणसं हंगामात ऊसतोडीला जातात. बायको दवाखान्यात बाळंत होते तेव्हा नवरा कुठल्या तरी कारखान्याच्या फडात असतो. आजी सिस्टरचा पदर धरते: “लेकराचा फोटो धाडा की ह्याच्या बापाला.” नाही म्हणवत नाही. दुसऱ्या टोकाला छातीत दुखणारा पेशंट असतो. त्याच्या ईसीजीचा फोटो हिंगोलीच्या किंवा नांदेडच्या डॉक्टरांना पाठवला तर 108 ची गाडी निघण्याआधीच तिकडे तयारी होते. या दोन्ही फोटोंत वाईट काय?

वाईट असतं ते फोटोचं पुढे जे होतं ते. सिस्टरच्या मोबाईलमधला फोटो आपोआप तिच्या ऑनलाइन अल्बममध्ये चढतो. घरी तिचा मुलगा गेम खेळायला मोबाईल घेतो आणि त्याला कुणाची तरी उघडी जखम दिसते. ग्रुपमधून ग्रुपमध्ये गेलेला केसपेपर गावात पोचतो, आणि गाव लहान असलं की नावाचीही गरज लागत नाही. एचआयव्हीबाधिताची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायला 2017 चा कायदा मनाई करतो. तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. अत्याचार झालेल्या मुलीची ओळख जाहीर करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. लेबर रूममध्ये अठरा वर्षांखालची मुलगी बाळंत होते तेव्हा हे कलम आपल्या दाराशी आलेलं असतं. आणि जुलै 2025 च्या शासन परिपत्रकाने तर खासगी खात्यावरच्या रीलमध्ये सरकारी गणवेश आणि इमारत दाखवायलाच मनाई केली आहे.

म्हणून मी नव्या मुलींना सांगत आले: बाळाचा फोटो नातेवाइकाच्याच मोबाईलने काढून द्या, तुमच्या नव्हे. ईसीजी पाठवताना नावाची कडा दुमडा, पाठवून झालं की पुसून टाका. व्हॉट्सॲपचे फोटो गॅलरीत जाऊ देणारं सेटिंग बंद ठेवा. बेशुद्ध माणसाचा फोटो डॉक्टरांनी उपचारासाठी मागितल्याशिवाय काढू नका.

मग मोबाईल गेटवरच जमा करून घ्यावेत का? काही अधिकाऱ्यांना हा उपाय सोपा वाटतो. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. त्यानंतर रात्रपाळीला निघालेल्या लेकीला कोणती आई मोबाईलशिवाय सोडेल? लाइट गेल्यावर शिर शोधायला आम्ही मोबाईलचाच उजेड धरलेला आहे, दारू पिऊन आलेला जमाव वॉर्डात घुसल्यावर पोलिसांनाही त्याच मोबाईलवरून बोलावलं आहे.

मार्ग एवढाच आहे की कामाचा मोबाईल आणि घरचा मोबाईल वेगळे करायचे. दर वॉर्डाला दवाखान्याचा एक मोबाईल द्या, रिचार्ज दवाखान्याचा. पाळी बदलताना औषधाच्या कपाटाच्या किल्ल्यांबरोबर तो पुढच्या सिस्टरच्या ताब्यात द्यायचा, रजिस्टरवर सही करून. रिपोर्ट त्यावरून, ईसीजी त्यावरून, साहेबांचा फोन त्यावर. सिस्टरच्या घरच्यांकडेही तोच नंबर असावा, म्हणजे लेकरू पडलं-झडलं तर निरोप पोचेल. मग तिचा स्वतःचा मोबाईल सायलेंटवर खिशात राहील आणि जेवणाच्या सुट्टीत निघेल. तेव्हा मात्र ती रील बघत असेल तर तिला कोणी बोलू नये. ती तिची सुट्टी आहे.

यासाठी नवा कायदा लागत नाही. सरकारी दवाखान्यांत रुग्ण कल्याण समिती असते. तिने मनावर घेतलं तर एका साध्या हँडसेटचा खर्च फार मोठा नाही. तेव्हा तक्रार जरूर करा, पण पुरी करा: सिस्टरचा मोबाईल बाजूला ठेवायला सांगा, आणि त्याच अर्जात वॉर्डासाठी एक मागा.