रे मार्केटची फुले मंडई

चंद्रपूर-गडचिरोलीकडील आमच्या वाचकांस बाजार म्हटला म्हणजे इमारत आठवत नाहीं, वार आठवतो. धानोरा, एटापल्ली, भामरागड यांसारख्या गांवीं आठवड्याच्या नेमल्या दिवशीं झाडांच्या सावलींत मोहफुलें, चारोळी, हिरडा, बांबूच्या टोपल्या यांची मांडामांड होते, आणि दिवेलागणीपूर्वीं सारें आवरून मैदान पुन्हां मोकळें होतें. गोंड राजांनीं चंद्रपुराभोंवतीं परकोट घातला, जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर अशा वेशी उभारल्या. पण भाजीबाजारासाठीं भव्य दगडी मंदिर बांधण्याची हौस ही इंग्रजी अमदानीची. ती पुण्यास कशी आली, आणि तिला विरोध कोणीं केला, ही हकीकत आम्हांस सांगावयाची आहे.

पुण्याची भाजीही पूर्वीं उघड्यावरच विकली जाई. शनिवारवाड्यापुढील पटांगणांत माळी-बागवान बसत. उन्हाळ्यांत धूळ व पावसाळ्यांत चिखल हे दोन्ही गिऱ्हाइकाच्या पिशवींत फुकट पडत. मुंबईचें उदाहरण डोळ्यांपुढें होतेंच. तेथें म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकीर्दींत १८६९ सालीं प्रचंड मार्केट उभें राहिलें. विल्यम एमर्सन यांनीं तें आंखलें, व त्यावरील शेतकऱ्यांचीं कोरीव चित्रें लॉकवुड किपलिंग यांच्या हातचीं. इमारत देखणी खरी. परंतु क्रॉफर्डसाहेबांचा हात इतका सढळ कीं, १८७१ सालीं कर भरणाऱ्या मुंबईकरांनीं त्यांच्या एकंदर खर्चाविरुद्ध मोठीच ओरड केली आणि पुढच्याच वर्षीं म्युनिसिपालिटीचा कायदा बदलावा लागला. शोभेच्या इमारतीचें देणें शेवटीं कोणाच्या घरावर बसतें, हें त्या वेळीं लोकांस प्रथमच नीट उमगलें असावें.

पुणें म्युनिसिपालिटीपुढें मंडईचा विषय १८८२ च्या सुमारास आला, तेव्हां जोतीराव फुले सभासद होते. त्यांनीं स्पष्ट विरोध केला. एवढा पैसा इमारतींत न घालतां शिक्षणाकडे लावावा, हें त्यांचें म्हणणें. हा विरोध लहरी नव्हता. १८८० सालीं लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठीं एक हजार रुपये खर्चण्यासही ते असेच आडवे गेले होते. आणि १८८२ मध्येंच हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत, रयतेच्या कराचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो व खेड्यांतील प्राथमिक शाळा उपाशी राहते, हें गाऱ्हाणें त्यांनीं मांडलें होतें. बारा वर्षें वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी त्यांची मागणी होती. शिवाय भाजीपाल्याविषयीं हा मनुष्य अनभिज्ञ होता असें कोणी म्हणूं नये. घराणें फुलमाळ्यांचें, व स्वतः बांधकामाचीं कंत्राटें घेणारा. दगडचुन्याचा भाव त्यांस इतर सभासदांपेक्षां चांगलाच ठाऊक असणार.

तरीही मंडई झाली. शुक्रवार पेठेंत, खासगीवाल्यांच्या बागेच्या जागेवर. आराखडा वॉल्टर ड्युकाट यांचा, आणि प्रत्यक्ष बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांनीं केलें. १८८६ सालीं ती खुली झाली आणि तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव तिला मिळालें.

आतां रचनेकडे पाहूं. मधोमध उंच अष्टकोनी मनोरा, आणि त्याच्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणें बाहेर निघालेल्या लांबट पाखा. वरून शिखर विलायती देवळाचें वाटतें, म्हणून कित्येकांस ती परकी भासते. आम्हांस मात्र तींत व्यवहाराची अक्कल अधिक दिसते. कमानी उघड्या असल्यामुळें वारा आरपार खेळतो. छप्पर उंच, म्हणून तापलेली हवा वर चढते व खालचा माल कोमेजत नाहीं. गिऱ्हाईक कोणत्याही बाजूनें शिरो, तें मध्यावर येतेंच, त्यामुळें कोपऱ्यांतल्या गाळेवाल्याला नशिबास बोल लावण्याचें कारण कमी उरतें. विक्रेता उंच ओट्यावर, भोंवतीं भाजीची चढती आरास, आणि समोर तराजू. चार घरच्या सुना-लेकरांची पंगत रोज उठविणाऱ्या घरांतील कर्त्या मनुष्यास हें दृश्य पाहून पिशवी लहान आणल्याचा पश्चात्ताप व्हावा, असेंच तें असतें.

इमारत बांधणाऱ्यांच्या हिशेबांत नसलेलें एक काम मंडईनें केलें. तिच्याजवळच १९२४ सालीं लोकमान्यांचा पुतळा पंडित मोतीलाल नेहरू यांच्या हस्तें उघडला गेला, आणि तो परिसर राजकीय सभांचा अड्डा बनला. तेथील रोखठोक, मसालेदार वक्तृत्वामुळें ‘मंडई विद्यापीठ’ हा शब्दच रूढ झाला. काकासाहेब गाडगीळांचें नांव त्याच्याशीं कायमचें जोडलें गेलें आहे. शाळांकडे पैसा वळवा असें म्हणणाऱ्याच्या विरोधाला न जुमानतां बांधलेल्या इमारतीस विद्यापीठ म्हणावें, हा योगायोग आम्हांस गंमतीचा वाटतो.

पुढें स्वातंत्र्यापूर्वींच, आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेंत असतांना, त्यांच्या पुढाकारानें रे मार्केटचें नांव महात्मा फुले मंडई झालें. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटासही कालांतरानें तेंच नांव मिळालें. गौरव योग्यच. परंतु ज्या खर्चाला माणसानें भर सभेंत नकार दिला, त्याच खर्चाच्या कपाळीं त्याचें नांव लिहिलें म्हणजे नकार पुसला जातो, हें आम्ही भीड न धरतां सांगतों. नामांतर पुष्कळांस ठाऊक असतें, विरोध फार थोड्यांस. आणि तो विरोध जुना झालेला नाहीं. ज्या मुलखांत पावसाळ्यांत नाला चढला कीं शिक्षक शाळेपर्यंत पोंचत नाहीं, तेथें बाजाराचें छप्पर आधीं कीं शाळेचें, हा प्रश्न आजही पंचायतीपुढें जसाच्या तसा येतो. आमचें मत विचाराल तर छप्पर दोहोंसही हवें. पण पैसा एकालाच पुरणार असेल, तर जोतीरावांच्या बाजूनें हात वर करण्यांत आम्हांस संकोच नाहीं.

मंडईचा घाऊक व्यापार पुढें गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत गेला. २०२४ च्या सप्टेंबरांत तिच्या परिसरांत जमिनीखालीं मेट्रोचें स्थानक सुरू झालें, त्यासही मंडई हेंच नांव आहे. किरकोळ विक्रेते मात्र अजून त्या अष्टकोनांतच आपापल्या ओट्यांवर बसून भाजी तोलीत असतात.