रस्त्याकडेचा खडक आणि गावचे पाणी

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर चढावे, पसरणी घाटाने वाईस उतरावे आणि सातारा, कोरेगाव, पुसेगाव या मार्गाने माण तालुक्यातील दहिवडी गाठावी. एका दिवसात आटोपणारा हा प्रवास आहे. परंतु आपल्या अर्थव्यवस्थेचा पाया या रस्त्यावर जितका स्पष्ट दिसतो, तितका तो अंदाजपत्रकाच्या आकड्यांतही क्वचितच दिसतो.

घाटात डोंगर कापून रस्ता काढलेला असतो आणि त्या कापावर भूमीचा इतिहास उघडा पडतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हारस पुनःपुन्हा बाहेर पडला, दूरवर पसरला आणि थिजला. त्याच्या थरांनी आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग याच खडकावर वसला आहे.

हे थर एकसारखे नाहीत. काळ्या पाषाणात भेगा नसतील तर पाणी शिरत नाही. विहिरी खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो खडक मऊ व झिजणारा. आणि वरचा मुरूम तर खडकाच्या झिजेतूनच झालेला. पाणी साठते ते मुख्यतः या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत. गंगेच्या खोऱ्यातील खोल गाळाशी तुलना करता आपली ही तिजोरी फारच उथळ आहे.

आता पावसाचा हिशेब पाहावा. महाबळेश्वरास वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. माणदेशात तो पाचशेच्या घरात येतो. घाट उतरताच झाडी विरळ होते, पुसेगावच्या पुढे माळ उघडे पडतात. हा फरक निसर्गनिर्मित आहे आणि त्याबद्दल कोणास दोष देता येत नाही. परंतु जेथे पाऊसही थोडा आणि साठाही उथळ, तेथे पाणी कसे वापरावे, हा प्रश्न मात्र सर्वस्वी मनुष्याचा आहे.

१८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकास आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क मान्य केला. त्या काळी मोटेने जेवढे निघे तेवढेच पाणी निघत असे. बैलांची शक्ती हीच उपशाची मर्यादा होती. विजेच्या पंपाने आणि विंधनविहिरीने ती मर्यादा पुसून टाकली. वस्तुतः भूजलाला सातबाऱ्याच्या सीमा ठाऊक नसतात. एकाने दोनशे फूट खाली जावे, तर शेजाऱ्याने तीनशे फुटांची तयारी करावी. यात दोघेही कर्जबाजारी होतात आणि पाणी मात्र वाढत नाही. प्रत्येकाचा शहाणपणा एकत्र आला की गावाचा मूर्खपणा होतो, हा अर्थशास्त्रातील जुनाच धडा आहे.

राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने शेती व उद्योगासाठी ६० मीटर वा त्याहून खोल विहिरी घेण्यास मज्जाव केला. परंतु जमिनीखाली काय आहे हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांना अशी मर्यादा हा निव्वळ जुलूम वाटणार. पाण्याचा ताळेबंद गावाने स्वतः मांडला, पाऊस मोजला, विहिरींची पातळी लिहून ठेवली आणि त्यानुसार पिके ठरविली, तरच कायद्यास अर्थ येईल.

१९७२ च्या दुष्काळात याच खडकाची खडी फोडून हजारो हातांनी पोट भरले, रस्ते घडविले. रोजगार हमी योजना त्या अनुभवातूनच रुजली. त्या रस्त्यांवरून आज शाळा-महाविद्यालयांच्या सहली जातात. त्या थंड हवेच्या ठिकाणी संपू नयेत. विद्यार्थ्यांना घाटातील कापापाशी आणि नंतर माणातील एखाद्या विहिरीच्या काठाशी उभे करावे. उद्या ग्रामसभेत पाण्याचा निर्णय घेणारे नागरिक तेच आहेत.