नागरिकाची सही

लोकमान्यांच्या १९०८ सालच्या शिक्षेचे स्मरण येत्या २२ जुलैला जागोजागी होईल. परंतु न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षांची हद्दपारी फर्मावण्यापूर्वी नऊ ज्युररांनी आपला कौल दिला होता, त्यांतील सात युरोपीयांनी टिळकांना दोषी व दोघा पारशांनी निर्दोष ठरविले होते, आणि खटल्यातील मराठी लेख या ज्युरीपुढे भाषांतरातून आले होते, याचा विचार क्वचितच होतो.

ज्युरीचे सारे मर्म तिच्या निवडीत असते, हे प्राचीन अथेन्सकरांनी पुरते ओळखले होते. तिशी उलटलेले सहा हजार नागरिक दरसाल चिठ्ठीने निवडावेत, कोणी कोणत्या खटल्यास बसावे हे त्याच दिवशी सकाळी पुन्हा चिठ्ठीनेच ठरवावे, म्हणजे लाच द्यावी तरी कोणाला? प्रत्येकाच्या हाती काशाच्या दोन चकत्या असत, एकीचा मधला आस भरीव, दुसरीचा पोकळ. आसाची टोके अंगठा व तर्जनी यांत दाबून धरली की शेजाऱ्यालाही कौल कळत नसे. स्त्रिया व गुलाम यांना तेथे स्थान नव्हते, हा त्या व्यवस्थेचा मोठा कलंक होय.

आपल्याकडील जुन्या गोतसभेत, म्हणजे गावच्या न्यायसभेत, याउलट सारे उघड असे: वतनाच्या तंट्याचा निवाडा गावकऱ्यांसमक्ष होई आणि महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, पाटील आपली नांगराची निशाणी करी.

नौदल अधिकारी नानावटी यांनी गोळ्या झाडून केलेल्या हत्येच्या खटल्यातील, त्यांना निर्दोष ठरविणाऱ्या आठ विरुद्ध एक अशा कौलाने आपल्याकडील ज्युरी बुडाली, असे सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही. विधी आयोगाने ती रद्द करण्याची शिफारस १९५८ सालीच, म्हणजे त्या गोळीबाराच्या आदल्या वर्षी, केली होती.

आता फौजदारी कामात सामान्य माणसाला साक्षीदाराखेरीज मुख्यत्वे एकच जागा उरली आहे, ती पंचाची. उल्हासनगरच्या बाजारात चोरी झाली की शेजारच्या दुकानदाराला हाक येते, गल्ला उघडा टाकून तो जातो, आणि तारखेच्या धास्तीने मजकूर न वाचताच सही करून मोकळा होतो. १ जुलै २०२४ पासून झडती व जप्तीचे चित्रीकरण कायद्याने आवश्यक झाले, हे उत्तमच. परंतु कॅमेऱ्याला उलटतपासणीत प्रश्न विचारता येत नाही, पंचाला येतो. म्हणून वाचकहो, पंच म्हणून बोलावणे आले तर अवश्य जा, वस्तू स्वतः पाहा, आणि पंचनामा अखेरच्या ओळीपर्यंत वाचल्यावाचून त्यावर सही करू नका.