मालागाच्या नारिंगीच्या अंगणात

दौलताबाद आणि नंदुरबारविषयी लिहून ठेवणारा प्रवासी इब्न बतूता 1350च्या सुमारास स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर मालागा बंदराच्या वाटेवर होता. त्याच्या थोडे पुढे गेलेले घोडेस्वार वाटेत शत्रूच्या हाती लागले. तो मागे राहिल्यामुळे वाचला. शहरात पोहोचला तेव्हा जामा मशिदीत काझी आणि गावातली प्रतिष्ठित मंडळी बसून त्याच कैद्यांच्या सुटकेसाठी पैसे गोळा करत होती. कुरआनने जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यात बंदिवानांची सुटका आहेच. आपल्याकडे रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना या हक्कदाराची आठवण क्वचितच निघते.

त्या मशिदीच्या अंगणातली उंच नारिंगीची झाडे इब्न बतूताला फार आवडली. आज त्या जागी भव्य कॅथेड्रल आहे. बांधकाम 1528मध्ये सुरू झाले आणि अडीचशे वर्षांनी, 1782मध्ये, थांबले तेव्हा दोन मनोऱ्यांपैकी एक अपुराच राहिला. म्हणून गावकरी तिला लाडाने ‘ला मांकिता’, म्हणजे एका हाताची बाई, म्हणतात. शेजारच्या अंगणाचे नाव मात्र आजही ‘नारिंगीचे अंगण’च आहे.

तिथून अल्काझाबा चालत गाठता येतो. अरबी ‘अल-कसबा’ म्हणजे तटबंदीचा गड. अकराव्या शतकातल्या या गडाला पायथ्याच्या रोमन नाट्यगृहाचे खांब आणि दगड वापरले आहेत. ते नाट्यगृह पुढे मातीखाली गेले, ते 1951मध्ये पुन्हा सापडले. पण तोवर त्याच्यावर सांस्कृतिक भवन उभे राहिले होते! नव्वदच्या दशकात ते भवनच पाडून टाकले. असा निर्णय घ्यायला हिंमत लागते. गडाच्या आत वळणावळणाचे दरवाजे, कारंजी, पाण्याचे पाट. घाई करू नये.

त्याच्यावरच्या डोंगरावर खिब्राल्फारो किल्ला. ‘जबल’ म्हणजे डोंगर हा अरबी शब्द आणि दीपस्तंभासाठीचा ग्रीक शब्द मिळून हे नाव झाले. तटावरून बंदर, कॅथेड्रल, बैलझुंजीचे गोल मैदान सगळे दिसते. सुखावणारे दृश्य आहे, पण 1487च्या उन्हाळ्यात याच तटावरून लोकांना फक्त वेढा दिसत होता. फर्डिनांड आणि इसाबेला यांच्या सैन्याने समुद्र आणि जमीन दोन्हीकडून नाकेबंदी केली. आत धान्य संपले, लोकांनी घोडे आणि कुत्री खाल्ली. ऑगस्टमध्ये शहर शरण आले. हिजरी कालगणनेने पाहिले तर तेव्हा शाबान संपत आला होता. काही दिवसांतच रमजानचा चंद्र दिसला, पण तोवर बहुतेक शहर गुलाम झाले होते. तहाची बोलणी करणारा व्यापारी अली दोर्दुक्स आणि त्याच्याबरोबरची काही कुटुंबे तेवढी वाचली. शहरातल्या साडेचारशे ज्यूंना कॅस्टिलमधल्या ज्यूंनी दाम मोजून सोडवले. उरलेल्या हजारो मुसलमानांसाठी पैसे जमवणारी मशीद आता उरली नव्हती.

पिकासोचे जन्मघर जवळच आहे, पण तिथली रांग लांब असते. मी सांगेन, आधी अतारासानास बाजारात जा. ‘दार-अस-सिनाआ’ म्हणजे कारखाना, इथे जहाजे बांधण्याचा. समुद्र तेव्हा इथवर येत असे. इंग्रजीतला ‘आर्सेनल’ही याच शब्दाच्या कुळातला. जुन्या गोदीचा संगमरवरी नालाकृती दरवाजा एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या लोखंडी बाजाराला जोडून ठेवला आहे. त्याच्यावरच्या ढालींवर ग्रानाडाच्या नसरी सुलतानांचे ब्रीद कोरलेले आहे: अल्लाहशिवाय कोणी विजेता नाही. खालून मासळीच्या टोपल्या जातात. आत बदाम, मनुका आणि सुके अंजीर मिळतात. इथल्या अंजीर-बदामांचे कौतुक इब्न बतूतानेही केले होते. इफ्तारसाठी घ्यायचे तर सकाळीच जावे. दुपारी बाजार बंद होतो आणि रविवारी उघडतच नाही.