पहाटेची धाव आणि प्रपंच

कमाटीबागेच्या आसपास पहाटे जी मंडळी दिसतात त्यांत फिरायला येणाऱ्यांच्या जोडीला अलीकडे पळणारेही बरेच असतात. कोणी बँकेतला, कोणी कारखान्यातला, कोणी दवाखाना चालवणारा. असे दहापंधरा जण ठरल्या वेळी जमतात, बरोबर पळतात आणि उन्हे वर येण्याच्या आत घरी परततात. प्रो. माणिकरावांच्या आखाड्याची परंपरा सांगणाऱ्या बडोद्याला सांघिक व्यायामाचे नवल वाटू नये. फरक इतकाच की आखाड्यात आपल्या घरचे जात ते बहुधा पोरवयात, आणि या नव्या मंडळींत भरणा आहे तो पस्तिशी-चाळिशीच्या माणसांचा. म्हणजे ज्या वयात प्रपंच माणसाला चहूकडून ओढतो, नेमक्या त्याच वयाचा.

मग व्हायचे ते होते. वर्ष-दीड वर्ष नेमाने येणारा गडी एक दिवस दिसेनासा होतो. चौकशी केली तर कळते, कचेरीत बढती मिळाली. किंवा घरात पाळणा हलला. किंवा वडिलांना अर्धांगवायू होऊन त्यांचे सगळे अंथरुणात करावे लागते आहे. “जरा हे मार्गी लागू दे, मग येतोच,” असे तो सांगतो, आणि मनापासून सांगतो. पण प्रपंचातले एक मार्गी लागले की दुसरे उभे राहते. हा गृहस्थ पुन्हा बूट बांधतो तो बहुधा पन्नाशीत, रक्तातली साखर वाढल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावर.

याच्या उलट तऱ्हेचाही एक माणूस असतो. घरात काहीही होवो, त्याचा पळण्याचा नेम चुकत नाही. गटात त्याचे कौतुक होते. पण त्या कौतुकाची किंमत कोण मोजते ते पाहावे. मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याला रविवारी ३० किलोमीटरची लांब धाव घ्यावी लागते. किलोमीटरला साडेसहा मिनिटे धरली तरी सव्वातीन तास नुसते पळण्यात गेले. जाणे-येणे, आंघोळ, न्याहारी आणि त्यानंतर हटकून येणारी झोप हिशेबात घेतली की रविवारची दुपार होते. ही तयारी चारपाच महिने चालते. तेवढे रविवार तान्ह्या मुलाला कोणी सांभाळले, सासऱ्यांची औषधे कोणी दिली, हे गटाच्या छायाचित्रात येत नाही. दुसऱ्याच्या झोपेवर उभ्या राहिलेल्या नेमाला मी तरी नेम म्हणणार नाही.

या पेचातून वाट काढायची तर एका माणसाची हकीकत उपयोगी पडेल. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात आर्थर लिडियार्ड नावाचा एक कामगार होता. बुटांच्या कारखान्यात काम, वर कमाई पुरेना म्हणून दूध टाकण्याचा धंदा, आणि घरी बायकामुले. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून त्याने पळण्याची एक पद्धत बसवली आणि भोवतालची काही पोरे हाताशी धरली. ही पोरेही पोटापाण्याच्या उद्योगातली. तेव्हा शक्य ते सारे सकाळ-संध्याकाळच्या फटीत बसवलेले, आणि रविवारी मात्र सर्वांनी मिळून डोंगरातल्या वाटेने २२ मैल. २ सप्टेंबर १९६० रोजी रोमच्या ऑलिंपिकमध्ये या गटातल्या पीटर स्नेलने ८०० मीटरची आणि मरे हालबर्गने ५,००० मीटरची शर्यत तासाभराच्या अंतराने जिंकली. पुढे मॅरेथॉनमध्ये तिसरा आलेला बॅरी मॅगी हाही त्यांच्यातलाच.

पण आपल्या कामाची गोष्ट पदकांची नव्हे. त्यानंतर थोड्याच काळात लिडियार्डने ऑकलंडमध्ये वयस्क, स्थूल, हृदयविकारातून उठलेल्या व्यापारी-नोकरदारांना हळूहळू पळायला लावले. नियम एकच: शेजाऱ्याशी बोलता येईल एवढ्याच वेगाने पळायचे. धाप लागून बोलणे तुटले की वेग कमी करायचा. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेतले नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे गेले आणि या मंडळींबरोबर पळायला निघाले, तर सत्तरी ओलांडलेला, हृदयविकाराचे झटके सोसलेला एक म्हातारा त्यांना मागे टाकून जाऊ लागला. बॉवरमन परत गेले ते हा प्रकार आपल्या गावी सुरू करण्याचे ठरवूनच. एकाच माणसाच्या छत्राखाली आठवड्याला शंभर मैल पळणाराही होता आणि दोन-तीन मैल रमतगमत जाणाराही. दोघांचीही गणना पळणाऱ्यांतच होत होती.

आपल्याकडच्या गटांत उणीव आहे ती हीच. तिथे एकच माप असते. त्या मापात न बसणाऱ्याला कोणी जा म्हणत नाही, पण मागे पडण्याची लाज त्याला घरी बसवते.

खरे तर शरीर आपल्या समजुतीपेक्षा बरेच सोशिक आहे. शिकागोमध्ये रॉबर्ट हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत याची पद्धतशीर परीक्षा घेतली. माणसांकडून आठवड्याचे सहा दिवस, रोज ४० मिनिटे, असा १० आठवडे कसून व्यायाम करून घेतला. नंतर १५ आठवडे तो कमी केला. काहींचे दिवस सहावरून चार किंवा दोनच केले, काहींची वेळ ४० मिनिटांवरून २६ किंवा १३ मिनिटांवर आणली. व्यायामाचा जोर जितकाच तितका ठेवला तेव्हा प्राणवायू वापरण्याची शरीराची कमाल शक्ती टिकून राहिली. १३ मिनिटेवाल्यांचा फार वेळ तग धरण्याचा दम मात्र काहीसा घटला. जोरच कमी केला तेव्हा दिवस आणि वेळ कायम असूनही शक्ती उतरली. म्हणजे नवी जबाबदारी अंगावर आली की आठवड्यातले दोन दिवस राखावेत, थोडेच पण नीट पळावे; तीनचार महिने कमावलेले सारे वाहून जात नाही. यंदाची मोठी शर्यत तेवढी सोडावी. शर्यती दरसाल होतात.

मात्र हे दोन दिवस कोणते, ते घरात बसून ठरले पाहिजे. “मी बुधवारी आणि रविवारी जाईन, सव्वासातला परत असेन,” असे एकदा बोलून ठेवले की घरच्यांनाही बाकीचे दिवस मोजता येतात. गटालाही ते सांगावे. न सांगता येणे कमी करणारा माणूस दोन्हीकडे अपराध्यासारखा वावरतो.

गटाच्या चालकांनीही एवढे करावे: रोज एक आखूड फेरी ठेवावी, ती वेळेवर सुरू करावी आणि वेळेवर संपवावी. उशिरा येणाऱ्या एकासाठी दहाजण खोळंबले की ज्याला आजारी आईला सात वाजता चहा द्यायचा आहे तो उद्यापासून येत नाही. आणखी एक गंमत पाहण्यासारखी आहे. गटातल्या उत्साही माणसाच्याच गळ्यात चिटणीसपण पडते; वर्गणी, बनियनांची मापे, शर्यतीची नावनोंदणी यांत तो असा अडकतो की पळायचे तेवढे राहून जाते! गणेशोत्सवाच्या मंडळांचा अनुभव असलेल्यांना हे सांगायला नको. हे काम वर्षावर्षाने फिरते ठेवावे, आणि पाय दुखावलेल्याकडे किंवा नुकत्याच बाप झालेल्याकडे नुसते घड्याळ धरण्याचे काम द्यावे. तेवढ्या निमित्ताने तरी तो आठवड्यातून एकदा माणसांत येतो.

राहिला प्रश्न स्त्रियांचा. पुरुषाच्या आयुष्यात जबाबदारी नवी म्हणून येते. घरच्या सुनेला ती उगवत्या दिवसाबरोबर रोजच असते. बाळंतपणानंतर पळायला निदान तीन महिने थांबावे, आणि तेही ओटीपोटाच्या स्नायूंची तपासणी करून, अशी सूचना ब्रिटनमधल्या स्त्री-भौतिकोपचार तज्ज्ञांनी २०१९ साली प्रसिद्ध केली. हे तीन महिने संपतात. त्यानंतर तिला पहाटेचा पाऊण तास मिळावा म्हणून मूल कडेवर घेऊन बसणारे कोणी घरात असते का, एवढेच विचारायचे. आपल्या जुन्या वाड्यांत माणसे पुष्कळ असत, तरी तो पाऊण तास तिच्या वाट्याला क्वचितच येई. आता घरात दोघेच असतात. तो बुधवारी आणि रविवारी पळत असेल, तर मंगळवार आणि शनिवार तिचे असायला हरकत नसावी, आणि त्या दिवशी दूध त्याने तापवावे.