घरच्या वर्कशॉपसाठी हवेचा कॉम्प्रेसर घेताना



ऊसवाहतुकीच्या दिवसांत ट्रॉलीचे चाक रात्री बसले, तर कुडव्याहून गोंदियात पंक्चरवाला शोधत फिरावे लागते. म्हणून गोठ्याशेजारच्या शेडमध्ये आपलाच कॉम्प्रेसर असावा, असे पुष्कळांच्या मनात आहे. विचार चांगला आहे. पण दुकानात गेल्यावर आपण आधी टाकी किती मोठी ते बघतो आणि तिथेच फसतो.

टाकी म्हणजे नुसता साठा. झरा बारीक असेल तर विहीर मोठी असून काय कामाची? म्हणून पंप मिनिटाला किती घनफूट हवा देतो, ते विचारावे. यातही एक मेख आहे. पाटीवर पुष्कळदा पिस्टनचे 'डिस्प्लेसमेंट' लिहिलेले असते. प्रत्यक्ष मिळणारी हवा, म्हणजे 'फ्री एअर डिलिव्हरी', त्याहून बरीच कमी भरते. हा दुसरा आकडा बिलावर लिहून घ्यावा. १ अश्वशक्तीला साधारण ४ घनफूट धरावेत. फारच जास्त सांगणाऱ्याला लांबूनच नमस्कार करावा.

१०० लिटरची टाकी १०० पौंडांपर्यंत भरायला सुमारे २५ घनफूट हवा लागते. १ अश्वशक्तीचा पंप ती सहा-सात मिनिटांत भरतो. चाकांना आणि एअर फिल्टर फुंकायला एवढे पुरे. (फिल्टर आतून बाहेर फुंकावा, दाब ३० पौंडांच्या आत ठेवावा.) रंगाच्या गनला मात्र दुप्पट-तिप्पट हवा लागते. पण वर्षातून एकदा ट्रॅक्टर रंगवायचा म्हणून मोठे मशीन घेणे आम्हाला पटत नाही, तेवढ्यापुरते भाड्याने आणावे.

मोटर सिंगल फेजचीच घ्या. शेतीपंपाची थ्री फेज लाईन ठराविक तासच असते, आणि चाक काही वेळ बघून बसत नाही. व्होल्टेज उतरले आणि मोटर नुसती घूं घूं करू लागली, की लगेच बटन बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळालेच समजा.

आता जुन्या मालाविषयी. आम्हीही एकदा स्वस्तात जुनी टाकी आणली होती. वरून रंग नवाकोरा. तळाचा नळ उघडला तर लाल गंजाचे पाणी! दाबलेल्या हवेतले पाणी तळाशी साचते आणि पत्रा आतून खाते. पातळ झालेली टाकी दाबाखाली फुटली तर बॉम्बसारखी फुटते, जवळचा माणूस वाचणे कठीण. म्हणून जुना पंप एकवेळ चालेल, जुनी टाकी नको. गॅस सिलेंडर कापून केलेली तर मुळीच नको. नव्या टाकीचेही पाणी रोज काम संपल्यावर काढावे, पावसाळ्यात हटकून. सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसतो म्हणून त्याला बूच मारणारे बहाद्दर आम्ही पाहिले आहेत. व्हॉल्व्ह बदलायला फार खर्च येत नाही.

आमची ती टाकी भंगारात गेली.